गोव्यात एका छोट्या आशियाई फ्यूजन जागी जेवण : बांगडा, तेफळ आणि पेनांगचा लाक्सा

रानवारा :

गोव्यात मासे कुठे खावेत यावर इथे भरपूर धागे आहेत, त्यात भर घालत नाही. हा धागा वेगळ्या जेवणाबद्दल आहे. इतकं आवडलं की घरी आल्यावर नीट बसून लिहावंसं वाटलं.

आम्ही बेळगावकर, चोर्ला घाट उतरून गोव्यात जाणं नेहमीचंच. या खेपेला पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी गेलो. नवरा, मी आणि सासूबाई. जागा हळदोण्याच्या बाजूला आहे. जुनं कौलारू घर, बलकांव (दारापुढची पडवी) आणि पुढची खोली मिळून सहा टेबलं. स्वयंपाक करणारे गृहस्थ त्याच गावचे, पूर्वी तारवटी होते, जहाजावरच्या स्वयंपाकघरात. सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, हाँगकाँग, जिथे बोट लागेल तिथे उतरून बाजारात खायचं आणि वहीत लिहून ठेवायचं, हा त्यांचा नेम. आता त्यांची बहीण गिऱ्हाइकांचं बघते आणि ते आत असतात. मेनू एका पानाचा, हाताने लिहिलेला, आणि त्या दिवशी बाजारात काय मिळालं त्यावर ठरणारा.

नाव मुद्दाम लिहीत नाही. गर्दी वाढली तर हाताने करतोय ते करता येणार नाही, असं त्या बहिणीने स्वतः सांगितलं. जाणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कळवते.

सुरुवातीला आली पेज. उकड्या तांदळाची, आपण आजारपणात करतो तशीच मऊ, पण वर आल्याचे बारीक काप, कांद्याची पात, सोया सॉसमध्ये मुरवलेलं उकडलेलं अंडं आणि तव्यावर कुरकुरीत केलेली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. चीनमध्ये सकाळी काँजी खातात ती हीच. गोव्यात शेतावरून आल्यावर अकरा वाजता पेज खायची पद्धत आहेच. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ही तर आपलीच आहे." मग अख्खा वाडगा संपवला.

त्यानंतर पेनांगचा आंबट लाक्सा, आणि या धाग्याचं खरं कारण तोच आहे. लाक्सा म्हणजे शेवयांचा रस्सेदार पदार्थ, आणि तो म्हटलं की आपल्याला नारळाच्या दुधाचा रस्सा आठवतो. पेनांगचा तसा नसतो. त्यात नारळ नाहीच. बांगडे उकडून, काटे काढून, त्याच पाण्यात कुस्करतात आणि आंबटासाठी चिंच आणि तिथल्या एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात. ते फळ आणि आपलं भिरंड, म्हणजे कोकमाचं फळ, एकाच कुळीचं, गार्सिनिया. आमच्या या आचाऱ्याने त्या चकत्यांच्या जागी कोकमाची सोलं घातली होती, आणि मलेशियात त्यात जे सुवासिक फूल चिरून घालतात त्याच्या जागी ठेचलेलं तेफळ, म्हणजे तिरफळ. तांदळाच्या जाड शेवया, वर काकडी, पुदिना, अननसाचे छोटे तुकडे, कच्चा कांदा. पहिल्या चमच्याला बांगड्याचं हुमण (गोव्याची माशाची आमटी) आठवतं, दुसऱ्याला ते मागे पडतं आणि अननस-पुदिना पुढे येतो, आणि मग तेफळाने जीभ झिणझिणायला लागते. मी असं काही आधी खाल्लं नव्हतं, आणि तरी त्यातली एकही चव मला अनोळखी नव्हती.

मी आत जाऊन त्यांना विचारलं, हे कसं सुचलं? ते म्हणाले, पेनांगच्या बाजारात मासळीवालीच्या टोपलीत बांगडा पाहिला तेव्हाच. तिकडे त्याला वेगळं नाव आहे, पण मासा तोच.

बाकीचं थोडक्यात. चोरिस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) भरलेले वाफवलेले बाओ, म्हणजे चिनी पाव, चांगले होते, पण चोरिसाची चरबी आणि बाओची गोडी जुळली असं मला वाटलं नाही; पोयेत, म्हणजे गोव्याच्या पावात, भरून दिले असते तर जास्त आवडले असते. निरफणसाचं रेंडांग उत्तम, त्यावर पुढे लिहिते. भाजलेल्या माणक्यांवर (स्क्विडवर) मिसो, म्हणजे जपानी आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, आणि माडाच्या गुळाचा लेप होता, तो काळा गूळ किंचित धुरकट लागतो आणि मिसोच्या खारटपणाला शोभतो. शेवटी काळ्या तिळाचं आइस्क्रीम, नारळाच्या दुधातलं.

मला या जेवणातून एक गोष्ट पक्की वाटली. दोन देशांचे पदार्थ एका ताटात आणून ठेवले की काही होत नाही. आचाऱ्याला दोन्हीकडचा बाजार हाताखालचा हवा. त्याला ठाऊक हवं की तिकडचं अमुक इकडे कुठल्या झाडावर लागतं. या माणसाला ते ठाऊक आहे.

कोणाला अशी आणखी ठिकाणं माहीत असतील तर लिहा. गोव्यातल्या सभासदांनी तर जरूर लिहा.

तिखटजाळ :

वाचून भूक लागली. फोटो टाका ना. आणि खर्च किती आला, आधी सांगावं लागतं का?

रानवारा :

तिघांचं पेयांसकट तीन हजारांच्या आत. आधी फोन करावाच लागतो, आदल्या दिवशी केला तर उत्तम. सोमवारी बंद. फोटो काढले नाहीत, गरम होतं तोवर खाल्लं.

आगगाडी :

अनुभव छान लिहिला आहे, पण मनापासून एक प्रश्न विचारतो. गोव्यात जायचं आणि लाक्सा खायचा? हुमण-भात, किसमूर, तळलेली सुंगटं, सोलकढी हे जिथे ताजं मिळतं तिथे आपण मलेशिया कशाला शोधायचा? आसगाव, शिवोली, हणजूण या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जुनी घरं भाड्याने घेऊन अशी उपाहारगृहं निघाली आहेत. जेवणाच्या किमती मुंबई-दिल्लीच्या. ज्या गावात ती आहेत त्या गावातला माणूस तिथे जेवायला जाऊ शकत नाही. दुपारी शीत-कडी (भात आणि माशाची आमटी) देणाऱ्या साध्या खानावळी मात्र एकेक करून बंद होताना मी स्वतः पाहिल्या आहेत. प्रवासी म्हणून आपण पैसे कुठे टाकतो त्यावर हे ठरतं. म्हणून मी गोव्यात गेलो की फक्त गोव्याचंच खातो, आणि इतरांनाही तेच सांगतो.

माडाखाली :

आगगाडी, मी बार्देशातच, म्हणजे याच तालुक्यात, राहते. भाड्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, आमच्या वाड्यावर हेच चाललंय. पण रानवारा ज्या जागेबद्दल लिहितात ती गावच्याच माणसाने स्वतःच्या घरात काढली आहे. मला वाटतं मी ओळखते, नाव मीही घेत नाही. तारवटी घरी परत येतो तेव्हा त्याच्यापुढे काय असतं? टॅक्सी घेणं, खोल्या भाड्याने देणं, नाहीतर पुन्हा बोटीवर. त्याने शिकून आणलेली विद्या गावात वापरली तर मला त्याचा अभिमान वाटतो.

फोंडेकर :

मी फोंड्याचा. आमच्याकडे "आशियाई" म्हणजे वर्षानुवर्षं गाड्यावरचं चायनीज. जत्रा, फेरी, कुठेही जा, लाल रंगाचं गोबी मंचुरियन असतंच. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेच्या वेळी गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही कारणं देऊन. त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहातही अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव पालिकेला अशा गाड्या आवरायला सांगितलं होतं. मंचुरियन हा चीनचा पदार्थच नाही, तो मुंबईत जन्मला. तो खाऊ नये असं मी म्हणत नाही, माझी मुलं खातात. पण आमच्या मुलांना आशियाचं जेवण म्हणजे तेवढंच वाटतं याचं वाईट वाटतं. म्हणून कोणी पेज आणि बांगडा घेऊन असं काही करत असेल तर मी घरच्यांना घेऊन जाणार. व्यनि केला आहे.

पेजेबद्दल एक भर : आमच्याकडे पेजेबरोबर खारातलं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, किंवा भाजलेला सुका बांगडा. कोरियात भाताच्या पेजेबरोबर किमची घेतात. खारट-आंबट जोड दोन्हीकडे लागतेच.

दर्यावर्दी :

आगगाडींच्या मुद्द्यावर इतिहासाच्या बाजूने लिहितो, कारण "गोव्याचंच" म्हणताना आपण काय म्हणतो ते तपासलं पाहिजे.

पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, मलाक्का. मकावमध्ये पोर्तुगीज १५५७ पासून बसले. मलाक्का १६४१ मध्ये डचांनी घेतलं, पण मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्यातून चालायचा. म्हणजे जवळजवळ तीन शतकं गोवा आणि दक्षिण चीनचा किनारा एकाच सत्तेच्या दोन टोकांना होते. जहाजं मोसमी वाऱ्यांवर ये-जा करत, त्यांच्यावर खलाशी असत, गुलाम असत, पाद्री असत, आणि त्या सगळ्यांना रोज जेवायला लागायचं.

बालचांव हा लोणच्यासारखा आंबट-तिखट पदार्थ घ्या. गोव्यात ते गालमो, म्हणजे बारीक सुकी सुंगटं, माडाचं व्हिनेगर आणि मिरची घालून करतात. मकावमध्ये याच घराण्यातला कोळंबीचा आंबवलेला मसाला आहे, आणि मलाक्का-जावाच्या पट्ट्यात आंबवलेल्या सुंगटांच्या वड्या हा रोजच्या स्वयंपाकाचा पाया आहे. काफ्रेयाल, म्हणजे हिरव्या मसाल्यातली कोंबडी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलं. मिरची, काजू, पपई, अननस, बटाटा हे सगळं अमेरिकेतून. पेनांगच्या लाक्सातला अननस आणि मिरची हेही त्याच काळात, त्याच जहाजांच्या वाटेने पूर्वेला पोचले. तेव्हा १५१० च्या आधीचं गोव्याचं जेवण शोधायला गेलात तर हुमणातून मिरचीच काढावी लागेल, तिखटाला मिरी उरेल.

हा माणूस जहाजावरून वही घेऊन आला आणि घरी येऊन त्यातलं करतोय. गोव्याचं स्वयंपाकघर शतकानुशतकं असंच वाढलं.

शेवग्याची_शेंग :

धागा आवडला. पण आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि डिसेंबरात गोव्यात जाणार आहोत. अशा ठिकाणी आमच्यासाठी काही असतं का? "व्हेज थाई करी" म्हणून मागवलं आणि नंतर कळलं की त्यात माशाचा सॉस होता, असं एका शहरात आमच्या बाबतीत झालं. तेव्हापासून भीतीच बसली आहे.

स्वयंपाकघरातून :

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते, आशियाई विभागात बरीच वर्षं काढली. शेवग्याची_शेंग, तुमची भीती रास्त आहे. यावर नीट लिहिते, कारण वाढणाऱ्या मुलांनाही पुष्कळदा हे माहीत नसतं. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

थाई करीची लाल, हिरवी, पिवळी पेस्ट तयार डब्यातून आणली असेल तर तिच्यात बहुतेक वेळा सुंगटांची पेस्ट असते. वर माशाचा सॉस घालतात तो वेगळा. भाज्या घातल्या म्हणून ती शाकाहारी होत नाही. कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये माशाचा सॉस आणि सुकी सुंगटं असतात. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस घालायची पद्धत आहे. जपानी मिसो सूप दिसायला निरुपद्रवी, पण त्याचं पाणी, दाशी, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून केलेलं असतं. केवळ कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीची दाशीही करता येते, पण ती आहे का हे विचारावं लागतं. ऑयस्टर सॉस कालवांचा, आणि चिनी पद्धतीच्या परतलेल्या हिरव्या भाज्यांमध्ये तो सर्रास पडतो. मशरूमचा त्याच चवीचा सॉस बाजारात मिळतो, शाकाहारी स्वयंपाकघरात तो ठेवतात. रामेनच्या शेवयांत अंडं असू शकतं.

"व्हेज आहे ना?" असं विचारू नका. "यात माशाचा सॉस, सुंगटांची पेस्ट, ऑयस्टर सॉस, दाशी यातलं काही आहे का?" असं एकेक नाव घेऊन विचारा, आणि आत विचारून या म्हणा. लहान जागेचा इथे फायदा असतो. आचारी पाच पावलांवर असतो आणि पेस्ट स्वतः वाटलेली असेल तर तो तुमच्यासाठी सुंगटांशिवाय वाटू शकतो. त्यासाठी आदल्या दिवशी सांगावं लागतं, ऐन वेळी शक्य नसतं.

ज्यांना कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी आहे त्यांनी याहून जास्त जपायला हवं. माशाची अॅलर्जी आणि कवचाच्या जिवांची अॅलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत, नेमकं काय आहे ते सांगा. शेंगदाण्याची असेल तर साते, पपईचं सॅलड, इंडोनेशियाच्या चटण्या यांबद्दल विचारा. एकाच कढईत आधी काय परतलं हेही विचारा. कोणताही चांगला आचारी अशा प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर तिथे जेवू नका.

शेवग्याची_शेंग :

खूप खूप आभार. हा प्रतिसाद उतरवून ठेवला.

रानवारा :

स्वयंपाकघरातून, किती उपयोगाचं लिहिलंत! आता आमच्या सासूबाईंचं सांगते. त्या पेज खाऊन खूश झाल्या हे लिहिलं, पण त्यांच्या वाडग्यात अंडं आणि सुंगटं नव्हती. संकष्टीला त्या काही खात नाहीत, आणि आम्ही गेलो तो नेमका संकष्टीचा दुसरा दिवस, घरचा नवस म्हणून त्या दिवशीही शाकाहारीच. फोनवर हे सांगितलं होतं. बहिणीने तेव्हाच विचारून घेतलं की कांदा-लसूण चालतो का, अंडं चालतं का, एकच चमचा चालेल का. तीन प्रश्न विचारले आणि माझी काळजी मिटली.

त्यांच्यासाठी निरफणसाचं रेंडांग केलं होतं. रेंडांग मूळचं सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचं, मांसाचं. नारळाच्या दुधात मसाला घालून तासन् तास आटवायचं, दूध आटून तेल सुटलं की त्याच तेलात ते परतत राहतं आणि काळपट कोरडं होतं. आपण आधी परततो आणि मग शिजवतो, त्यांचं उलटं. निरफणस इतका वेळ आटवला तर गळून जाईल, म्हणून त्यांनी मसाला आणि दूध आधी आटवून घेतलं आणि फोडी शेवटी सोडल्या. त्यात गवती चहाचे ठेचलेले बुडखे होते, कुळंजन होतं, भाजून वाटलेलं खोबरं होतं. भाजलेलं खोबरं म्हटल्यावर सासूबाईंना शागुती (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातला गोव्याचा रस्सा) आठवली, म्हणजे त्या मसाल्याच्या वासावरून. पोयेबरोबर खाल्लं. पोय संध्याकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) आलेली, अजून कोमट होती.

गवती चहा आपण चहात घालून फेकतो. त्याचा पांढरा बुडखा वाटणात घालून बघा, मी घरी येऊन मुगाच्या आमटीत घातला आणि आता नेहमी घालणार.

तिखटजाळ :

एक व्यवहाराचं विचारतो. अशा जागी बिलात सर्व्हिस चार्ज लावतात का? गोव्यातच दुसरीकडे आमच्याकडून न विचारता दहा टक्के घेतले होते.

दर्यावर्दी :

ते देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात जोडता येणार नाही. उपाहारगृहांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. काढून टाका म्हणून सांगा, नाही काढलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीएसटी मात्र द्यावा लागतो, साध्या उपाहारगृहात ५ टक्के. दारूवर जीएसटी नसतो, तिच्यावर राज्याचा कर वेगळा.

सेवा आवडली तर स्वतःच्या हाताने बक्षिसी द्यावी, तीही टेबल पुसणाऱ्या मुलाच्या हातात.

रानवारा :

आमच्या बिलात नव्हता.

माडाखाली :

बाहेरून येणाऱ्यांसाठी थोडं लिहिते.

मासे खायचे असतील तर १ जून ते ३१ जुलै या काळात यंत्रावरच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते हे लक्षात ठेवा. त्या दिवसांत जो "ताजा" मासा दाखवतात तो बहुधा बर्फातला किंवा बाहेरून आलेला. नदीतली आणि खाजनातली मासळी, तिसऱ्या, खुबे हे मिळतं, प्रामाणिक आचारी तेच करतो. बांगड्याचे पदार्थ खायला ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखे दिवस नाहीत. मार्च ते मे आलात तर उर्राक मिळेल, बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) रसाचं पहिल्यांदा गाळलेलं मद्य. ते सोड्यात, मीठ-मिरची घालून, आंबट जेवणाबरोबर फार छान लागतं.

जाण्यायेण्याचं : ओला-उबर गोव्यात नाही. गोवा माइल्सचं अॅप आहे, पण आतल्या गावांत रात्री गाडी मिळेल याची खात्री धरू नका. जेवायला सोडणाऱ्या टॅक्सीवाल्यालाच परतीची वेळ सांगून ठेवा. दिवसा म्हापशाहून पायलट मिळतो, मोटरसायकलवर मागे बसून जायचं, एकट्याला सोयीचं आणि स्वस्त. स्वतः गाडी चालवणार असाल तर पिऊ नका. आमचे गावचे रस्ते अरुंद आहेत, वळणावर तळी आणि शेतं आहेत, दर मोसमात कुणीतरी जातं. हे मी कळकळीने सांगते.

आणि शुक्रवारी म्हापशाचा बाजार बघा. सकाळी लवकर. चोरिसाच्या माळा, माडाचा काळा गूळ, खोला मिरची, सुकी मासळी, सोलां, तेफळं, सगळं एका जागी. रानवारांच्या आचाऱ्याचं सामान तिथूनच येतं.

पाटणकर्ण :

तेफळाबद्दल वाचून राहवलं नाही. रसायनशास्त्र शिकवतो म्हणून भर घालतो.

सिचुआन मिरी, जिने चिनी जेवणात जीभ बधिर होते, ती आणि आपलं तेफळ एकाच प्रजातीतली झाडं आहेत, झँथॉक्झायलम. चीनमध्ये या प्रजातीच्या इतर जाती, जपानमध्ये सान्शो, नेपाळात टिमूर, सुमात्रात बाटाक लोकांच्या स्वयंपाकात अंदालिमान, आणि कोकण-गोवा-कारवारच्या पट्ट्यात तेफळ. सगळीकडे वापरतात ते फळाचं साल, बी नव्हे. सिचुआन मिरीत हायड्रॉक्सी-अल्फा-सॅन्शूल नावाचं द्रव्य असतं, ते स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ती झिणझिण मोजली तेव्हा ओठांवर सेकंदाला सुमारे ५० वेळा कंप होत असल्यासारखी ती जाणवते असं दिसलं. म्हणून ती तिखटापेक्षा वेगळी वाटते. तिखट जाळतं, हे थरथरतं.

तेफळाची झिणझिण सौम्य असते आणि वास लिंबाच्या सालीकडे झुकतो. त्यामुळे लाक्सात त्या मलेशियाई फुलाच्या जागी तेफळ घालणं ही फार विचार करून केलेली निवड आहे. दोन्हींचा वास त्याच बाजूचा, आणि बांगड्याच्या उग्र वासाला दोन्ही आवरतात.

आगगाडी :

दर्यावर्दी आणि माडाखाली, तुमचं म्हणणं मी नीट वाचलं. मिरचीचा मुद्दा मला मान्य आहे. या एका जागेबद्दल माझी तक्रार उरली नाही, पत्ता मिळाला तर मीही जाईन. पण गावातल्या भाड्यांबद्दल आणि साध्या खानावळींबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेत नाही. प्रवाशांनी एक जेवण अशा जागी केलं तर दुसरं शीत-कडीच्या खानावळीत करावं, दोन्ही टिकायला हवेत. शंभर-दोनशे रुपयांत थाळी देणारी बाई पहाटे मासळी आणायला जाते, तिच्याबद्दलही कोणीतरी असाच मोठा धागा काढा.

माडाखाली :

काढूया. मी सुरुवात करते, या आठवड्यात.

शेवग्याची_शेंग :

शाकाहारी घरात तेफळ कसं वापरायचं? आमच्याकडे कधीच आणलं नाही. मासे नसतील तर त्याचा उपयोग होतो का?

फोंडेकर :

होतो, आणि फार चांगला होतो. चवथीला (गणेश चतुर्थीला) आमच्या घरी नैवेद्याला खतखतें, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, असतं, त्यात तेफळ नसेल तर आई पानावर वाढत नाही. तूरडाळ, सुरण, कच्ची केळी, रताळं, मक्याचे तुकडे, शेवग्याच्या शेंगा, दोडकं, तुमच्याकडे असतील त्या पाच-सात भाज्या. ओल्या खोबऱ्याचं वाटण हळद-मिरची घालून, गूळ, सोलां.

तेफळ वाटणात घालून वाटू नका, आमच्याकडे तसं करत नाहीत, कडवटपणा येतो. सात-आठ तेफळं घ्या, आतलं काळं बी काढून टाका, ते दाताखाली कचकचतं. सालं थोड्या पाण्यात घालून हाताने किंवा बत्त्याने हलकी चेचा आणि पाण्यासकट भाजी उतरवायच्या आधी घाला. एक उकळी आली की झाकण ठेवून गॅस बंद. जेवताना सालं बाजूला काढायची, चावायची नाहीत.

हेच पाणी शेवयांच्या सूपमध्येही चालेल. मशरूम आणि गवती चहाचं पाणी उकळा, त्यात सोलां, शेवटी हे तेफळाचं पाणी. मासे लागत नाहीत.

वाळलेली घेणार असाल तर तोंड उघडलेली, तपकिरी आणि हातात चुरल्यावर वास येणारी घ्या. वास आला नाही तर ती गेल्या वर्षीची आहेत, दुसऱ्या बाईकडे बघा.